पाटीखालचा नंबर

बायोडाटा म्हणजे एक कागद, लिहिला की झालं, असं मला वाटायचं. आता त्या कागदाचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं उठतं. कन्या पदवीधर झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं, आणि मग ती जी घरात बसली ती बसलीच. रोज सकाळी नीट केस विंचरून लॅपटॉपपुढे बसायची, जणू पलीकडून कोणी बघतंय. अर्ज जायचे. उत्तर मात्र नाही, होही नाही आणि नाहीही नाही. निदान नाही म्हणायला तरी या कंपन्यांच्या तोंडाला काय झालंय, असं मी चिडून म्हणायचे. पुढे पुढे तेही सोडलं, कारण ती ऐकून नुसती खाली बघायची.

आमचे हे पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. सगळी पेठ त्यांना पेंटर म्हणूनच ओळखते. कन्या कॉलेजात असताना एका सकाळी ते दात घासता घासता खाली पडले. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला, जीभ जड झाली. शिडी तेव्हापासून गॅलरीत आहे, तिच्यावर कपडे वाळतात. कोणीतरी कमवायला हवं म्हणून मी कामावर जायचे, आणि कन्येनं वर्षभर कॉलेज सोडून बापाला सांभाळलं. भरवणं, उठवणं, बोटं चोळणं, एकेक अक्षर त्यांच्याकडून वदवून घेणं. आज ते चार शब्द बोलतात ते तिच्यामुळे. कागदावर मात्र त्या वर्षाच्या जागी नुसतं भोक होतं.

बायोडाटाचं काम निघालं तसे हे हुशारले. कन्या वाचून दाखवायची आणि हे डाव्या हातात पेन्सिल धरून शब्द उडवायचे.

"कष्टाळू, प्रामाणिक, होतकरू," ती वाचायची.

"काढ. दुकानदार कधी... भेसळीचा माल असं... रंगवून घेतो का?"

"मग राहिलं काय, बाबा?"

"पाटीपुढे कोणी... उभं राहत नाही. चालता चालता वाचतात."

दोन पानांचं एक पान झालं. शेवटी त्यांनी बोट तळाशी टेकवलं. "दुसरा नंबर टाक. माझा. नंबर नसलेली पाटी म्हणजे... नुसती भिंत."

तिनं हसत हसत टाकला. त्या दिवसापासून त्यांचा मोबाईल खिशात, तोही कायम चार्ज केलेला. "कोणत्या कंपनीचा फोन येणार आहे साहेबांना?" मी डिवचायचे. ते खिशावर हात ठेवून बसायचे.

मग एक दिवस माझ्या बहिणीचा मुलगा आला. तो कुठल्याशा मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात आहे, त्यामुळे घरात त्याचा भाव जरा वधारलेला. त्यानं कागद बघितला, ओठ मुडपले आणि कन्येला गॅलरीत नेलं. शिडीवरच्या चादरीआड काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. त्यानंतर तिनं बापाला कागद वाचून दाखवला नाही. "झालाय आता फायनल," म्हणाली. यांनी दोनदा मागितला, तिनं दोनदा विषय बदलला.

त्यानंतर मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत झाली, चांगली झाली म्हणाली, आणि आम्ही पुन्हा वाट बघत बसलो.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते, कन्या खाली दुकानात गेली होती. यांचा फोन वाजला. यांना एका हातानं धरून कानाला लावणं जमत नाही, म्हणून ते स्पीकर लावतात. पलीकडे एक बाई होत्या, गोड आवाजाच्या.

"मुलीचा फोन लागत नाहीये, म्हणून या नंबरवर केला. थोडी चौकशी करायची होती. मधे एक वर्ष शिक्षण थांबलं, वडील वारले म्हणून, असं तिनं लिहिलंय. बरोबर ना?"

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. हे फोनकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले.

"फार वाईट झालं. आणि आता घरी कोणी आजारी वगैरे? आमच्याकडे कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतात, म्हणून विचारते."

"नाही. कोणी... नाही."

"आपण कोण बोलताय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पेंटर," ते म्हणाले. "शेजारी... राहतो."

फोन ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "येऊ दे तिला," मी म्हटलं, "आज तिची अशी हजेरी घेते की..."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. केवढा जोर होता त्या हातात! "एक अक्षर... बोलायचं नाही. मावत नसेल ते... खोडावंच लागतं."

जिन्यातच कन्येचा आवाज आला. ती दोन-दोन पायऱ्या चढत आली. "बाबा, लागली! आत्ताच फोन आला, लागली!"

यांना रडू आलं. आजारानंतर त्यांना कशानंही रडू येतं, त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नाही. तिनं त्यांचं तोंड पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसलं. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मीही सगळं गिळून टाकायला तयार होते.

तेवढ्यात यांचा फोन पुन्हा वाजला. सवयीनं त्यांचं बोट स्पीकरवर गेलं.

"पेंटरकाका, मघाशी तिला एक सांगायचं राहिलं, आणि आता तिचा फोन परत लागत नाहीये. येताना सगळे दाखले आणायचे. आणि त्या वर्षासाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला. तेवढा निरोप द्याल?"

कन्या पांढरीफटक पडली. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

"देतो," हे घाईघाईनं म्हणाले, "देतो निरोप..."

कन्येनं फोन त्यांच्या हातातून घेतला. "मॅडम, मीच बोलतेय. दाखला नाही मिळणार. ते आहेत. तुम्ही आत्ता त्यांच्याशीच बोलत होता."

मग त्या बाई, आवाज तसाच गोड ठेवून, "बरं, कळवतो आम्ही," म्हणाल्या आणि फोन बंद झाला. कळवतो म्हणजे काय ते या घरात आता सगळ्यांना कळतं.

कन्या त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा निर्जीव हात मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखी एकेक बोट चोळू लागली. "चुकलं माझं, बाबा, चुकलं," म्हणत होती. त्यांचं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं.

"लागली होती ना गं," ते म्हणाले. "कशाला... बोललीस? लागली होती ना."