ताईने मशीनं बंद केली

लाँड्री दोघी बहिणींची, पण धावायची फक्त धाकटी. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली होती बाई! धुण्याची तिन्ही मशीनं तीच सांभाळायची. एक थांबलं की ओल्या चादरी टोपलीत, नव्या चादरी आत, झाकण धाडकन बंद, की पळाली दुसऱ्याकडे. मशीन रिकामं दिसलं की तिला चैनच पडायचं नाही.

आज तर विचारूच नका. हॉटेलवाल्याने बजावलं होतं, "दोनदा उशीर झालाय. आज संध्याकाळी गाडी रिकामी परत आली, तर तुमचं-आमचं संपलं." आणि ते हॉटेल गेलं की लाँड्रीला कुलूप.

अशा दिवशी ताई काय करत होती? स्टुलावर बसून नुसती बघत होती!

"ताई, सिनेमा लागलाय का इथे? हात लाव की!"

"थांब गं. बघतेय."

"बघून चादरी वाळतात होय?"

इस्त्रीवाले काका फिसकन हसले. चादरी वाळवून कडक करणारा त्यांचा मोठा गरम रोलर एकच, आणि तो एका वेळी एकच चादर गिळायचा. त्याच्यापुढे ओल्या टोपल्यांचा डोंगर. धाकटीने तळची टोपली ओढली. "शी! कुबट वास येतोय. परत टाकते धुवायला."

ताई उठली आणि तिने तिन्ही मशीनं बंद केली. खट, खट, खट.

इतकी शांतता त्या खोलीने कधी ऐकलीच नव्हती.

"वेड लागलंय का तुला?" धाकटी किंचाळली.

"अगं, हीच टोपली सकाळीही धुतली होतीस! मशीनं तीन, रोलर एक. तू जितकी भराभर धुतेस, तितक्या चादरी इथे पडून कुबटतात. मग पुन्हा धू! आता एकच मशीन, तेही काकांनी हाक मारली की. आणि तू चादरीचं दुसरं टोक धर. काका एकटे झटापट करतात, तोवर रोलर उगाच फिरतो."

धाकटीने फणकाऱ्याने टोक धरलं. चादर सुळकन आत गेली. तिची शेपूट दिसेनाशी व्हायच्या आत दुसरी तयार. मग तिसरी. पांढरीशुभ्र, कडक, वाफाळती! कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, आणि तो डोंगर चक्क वितळत होता. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे सगळं इथेच होतं? रोज? तिच्या नाकासमोर?

"काका, चिमटा काढा हो मला."

"हात मोकळा नाही, पोरी. टोक धर!"

गाडी आली तेव्हा थप्प्या दाराशी रचलेल्या होत्या. ड्रायव्हर बिचारा डुलकी काढायच्या तयारीने आला होता, हिरमुसलाच.

गाडी गेली. धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि पहिल्यांदाच, काहीही न करता, नुसती बघू लागली. बराच वेळ.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते कपाट रोलरच्या वाटेत का गं आहे? दर वेळी वळसा घालतो आपण."

ताईचे डोळे विस्फारले. "अगं बाई! हे मला नव्हतं दिसलं."