कोझोकारू नावाचा खेळाडू

हंगेरीकडून नुकत्याच रुमानियात गेलेल्या अराद शहरातल्या रेल्वे कारखान्याचा फिटर गर्गेय स्यूच कारखान्याच्या फुटबॉल संघातून उजव्या बगलेवर खेळायचा. १९२३च्या प्रांतीय उपांत्य सामन्यात त्याने तीन गोल मारले, आणि त्याच सामन्यापायी त्याच्यावर वर्षभराची बंदी आली.

चूक संघाचे चिटणीस कोर्नेल बर्झान यांची होती. खेळाडूंची यादी भरताना त्यांना वाटलं, राज्य आता रुमानियाचं, कागद रुमानियन, मग नाव तेवढं हंगेरियन कशाला? स्यूच म्हणजे कातड्याचे कोट शिवणारा. रुमानियन भाषेत कोझोकारू. त्यांनी चोख भाषांतर केलं. राजधानी बुखारेस्टमधल्या फुटबॉल महासंघाच्या नोंदीत तो अजून स्यूचच होता, हे तपासायचं त्यांना सुचलं नाही.

"दोन नावं? मग दोन सासुरवाड्या कर लेका!" सामन्याआधी यादी वाचली गेली तेव्हा गोलकीपर ओरडला होता.

"आधी एक तरी मिळू दे," गर्गेय म्हणाला.

हरलेल्या संघाने तक्रार केली : कोझोकारू नावाचा खेळाडूच नाही. चौकशीला कोर्नेल दुभाषे म्हणून गर्गेयशेजारी उभे होते. समितीच्या अध्यक्षांनी थेट त्यालाच विचारलं, "कोझोकारू तूच ना?" गर्गेयला एवढं रुमानियन कळत होतं. "हो." "आणि हे नाव तूच दिलंस?" हे त्याला कळलं नाही. तो अदबीने हसला. "हो."

कोर्नेलच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. पण खोटी नोंद करणाऱ्या चिटणीसाला आजन्म बंदी होती, आणि संघ त्यांनी स्वतः उभा केला होता. तेवढ्यात लेखनिकाने दौतीत टाक बुडवला. वाक्य गिळलं गेलं. जिंकलेला सामनाही गेला.

रविवारी गर्गेय त्यांच्या घरी आला. "साहेब, बंदीविरुद्ध अर्ज लिहून द्या. माझं रुमानियन तुम्हाला माहीतच आहे. लिहा, नाव कोणी बदललं मला ठाऊक नाही."

कोर्नेलनी लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर हात थांबला. मग त्यांनी न थांबता पानभर लिहिलं.

"वाचा की."

त्यांनी हंगेरियनमध्ये वाचून दाखवलं. "...नाव मी, चिटणीस कोर्नेल बर्झान याने, खेळाडूला न विचारता बदललं. चौकशीच्या वेळी हे मला माहीत होतं."

गर्गेय खुर्चीतून उठला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"हो."

"तिथं मी 'हो' म्हटलं, ते न कळता. तुम्हाला तर कळत होतं."

कोर्नेलनी खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. गर्गेयने तो घडी करून खिशात घातला.

"टपालात मीच टाकतो," तो म्हणाला. "तुमच्यावर सोडत नाही."