मोतीरामची गोधडी

टोचणारे इंद्रभानजी अंगणात उभे होते आणि सोजराबाई दार अडवून. सकाळपासून दोघांची जुंपली होती. गावोगाव फिरून लोकांच्या दंडावर देवीची लस टोचायची, हे इंद्रभानजींचं काम. मेहकरच्या अलीकडच्या या गावात त्यांना पाहिलं की बाया लेकरं काखेत मारून तुरीत पळायच्या. सोजराबाईनंही तेच केलं होतं. पुढे माघात तिच्या मोतीरामला देवी आल्या. पोरगं मरता मरता राहिलं. आता खपल्या गळून तो ओट्यावर बसून गूळ-भाकर खात होता, आणि इंद्रभानजी म्हणत होते, त्याचं अंथरूण जाळा.

"नागपूरचा हुकूम हाय, बाई."

"नागपूरवाल्यायले काय माहीत? माह्या घरी देवी सुखानं आल्या अन् सुखानं गेल्या. त्यायच्या मागं मी जाळपोळ करू?"

इंद्रभानजी काही चिडणाऱ्यातले नव्हते. खाली बसले, पायाजवळ पडलेला तुरीचा दाणा उचलला आणि समजावू लागले. खपली म्हणजे नुसतं वाळलेलं कातडं नव्हे, तिच्यात रोगाचं बी असतं. दाण्याला जसं वरून टरफल आणि आत कोंब, तसंच त्याचंही असतं, पण इतकं बारीक की डोळ्याला कधी दिसायचं नाही. बाहेर पडून आहे तोवर ते खात नाही, पीत नाही, वाढत नाही. मेलेलंच म्हणावं असं महिनोन् महिने कापडात पडून राहतं.

"दाण्याले माती लागते, याले जितं आंग लागते," ते म्हणाले. "आंगात शिरलं का मंग आपल्याच रक्तामांसाकडून आपल्यासारखे हजार करून घेते. ज्याले देवी येऊन गेल्या त्याले त्याचं काही होत नाही. नव्या आंगाले होते."

सोजराबाईनं ऐकलं. नीट ऐकलं. मग आत जाऊन एक फाटकं गोणपाट आणि विटलेली चादर आणून पुढ्यात टाकली. इंद्रभानजींनी काडी लावली, राख होईपर्यंत थांबले आणि पुढच्या घरी गेले. मोतीराम ज्या गोधडीवर निजला होता ती मात्र कणगीच्या मागे होती. सोजराबाईच्या आईनं मरायच्या आदल्या वर्षी शिवलेली, मधोमध हिरव्या लुगड्याचं ठिगळ असलेली ती गोधडी जाळायची म्हणजे काय? कडूबानं बायकोचा हा उद्योग पाहिला आणि न पाहिल्यासारखं करून तो बैल सोडायला गेला. बायकोशी वाद घालणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

गोधडी वापरात राहिली. मोतीराम तिच्यावर निजला, सोजराबाई निजली, कडूबाही निजला. कुणाला साधं पडसं झालं नाही. नवरा-बायको दोघांच्याही तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते, ही गोष्ट मात्र तिनं जमेस धरली नाही. इंद्रभानजींचं बोलणं हळूहळू तिच्या डोक्यातून निघून गेलं, आणि खरं सांगायचं तर तिनंच ते काढून टाकलं.

चैत्रात उंद्रीहून निरोप आला. कडूबाची धाकटी बहीण कोकिळा बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती तिची. अशा बाईच्या लेकराला नवं कापड घालत नाहीत. ज्या घरचं पोर मोठ्या दुखण्यातून वाचलं, तिथलं जुनं मागून आणून अंगाखाली घालतात, म्हणजे त्याचं आयुष्य याला लाभतं. त्या घरात ही रीत जुनीच होती. कडूबाचं नाव कडू ठेवलं तेही असंच, आधीची भावंडं गेली म्हणून.

कोकिळानं मागितलं असतं एखादं अंगडं. सोजराबाईनं आपणहून गोधडी काढली. देवी जिच्यावर खेळून गेल्या, त्या गोधडीपेक्षा मोठा आशीर्वाद कोणता? धुवायलाही तिचं मन होईना. देवीचा हात लागलेला, तो पाण्यात कशाला घालवायचा? बारशाला तिनं ती स्वतःच्या हातांनी पाळण्यात अंथरली. सगळ्या बाया बघत होत्या आणि सोजराबाईला मोठी धन्यता वाटत होती. बाळाचं नाव ठेवलं धोंडू.

वैशाखात पुन्हा निरोप आला. धोंडूला देवी आल्या.

बैलगाडी दिवसभर चालली. उंद्रीच्या शिवारात शिरल्यावर कडूबानं एकाला विचारलं, गावात साथ आहे का? तो म्हणाला, नाही बुवा, त्या एकाच घरी. इंद्रभानजींच्या बोटांतला तो तुरीचा दाणा सोजराबाईच्या डोळ्यांपुढे आला आणि काही केल्या जाईना.

घरात कडुनिंबाचे डहाळे टांगले होते. लेकराच्या अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती. कोकिळा त्याला वारा घालत होती आणि तिची सासू अन्नपूर्णाबाई तिला टोचून बोलत होती. बाळंतपणात हिनं फोडणीचं खाल्लं, हिनंच काही विटाळ केला, म्हणून देवी रागावल्या. दोन खाल्ली, आता तिसरं खाईल. कोकिळा ऐकून घेत होती. तिला ते खरंच वाटत होतं. ती उपाशी राहू लागली, अंगणात लोटांगणं घालू लागली. सोजराबाई चुलीपाशी भाकरी थापत बसे. एक शब्द बोलली असती तर कोकिळाची सुटका झाली असती. तो शब्द रोज ओठांपर्यंत येई आणि ती पुढची भाकर तव्यावर टाकी. लेकरू गेलं तर काय करायचं, याहून आपण केलेलं या घराला समजलं तर काय होईल, याचीच भीती तिला जास्त वाटत होती. हे तिचं तिला कळत होतं, आणि स्वतःची किळस येत होती.

धोंडू वाचला. डावा डोळा गेला, त्यावर पांढरं फूल पडलं, पण वाचला.

आषाढात कोकिळानं देवीचं जेवण घातलं. सोजराबाईला मानानं बोलावून घेतलं, पाटावर बसवलं, खण-नारळानं ओटी भरली. जेवणं झाल्यावर कोकिळानं कोनाड्यातून गोधडी काढली. तिच्यावरच धोंडूच्या खपल्या गळल्या होत्या, आणि ती अजूनही धुतलेली नव्हती. शेजारची शालूबाई दिवस भरलेली, पहिलटकरीण. कोकिळानं गोधडी तिच्या हातात दिली.

"घे माय. वयनीच्या या गोधडीनं माहा धोंडू वाचला. तुह्या लेकराच्या आंगाखाली घाल."

शालूबाईनं गोधडी कपाळाला लावली.

सोजराबाई पाटावरून उठली. शालूबाईच्या हातातून गोधडी ओढून घेतली आणि भरल्या घरात चुलीत कोंबली. ओटीतला नारळ घरंगळत दाराशी गेला. बायांना वाटलं हिच्या अंगात आलं. अन्नपूर्णाबाई हात जोडून उभी राहिली. गोधडी लवकर पेटेना, धुरानं घर भरलं, आणि त्या धुरात सोजराबाई बोलली.

"गोधडीनं वाचला नाही कोकिळाबाई, गोधडीनंच त्याले धरलं. माह्या घरातून आणला मी हा रोग. तुमच्या हातून काहीच झालं नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. गोणपाट, कणगी, तुरीचा दाणा, काहीच लपवून ठेवलं नाही.

कोकिळा तिच्याकडे पाहत राहिली. अन्नपूर्णाबाई तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानंच सासूला गप्प केलं. आजवर तिनं असं कधी केलं नव्हतं.

"वयनी," ती म्हणाली, "त्या टोचणाऱ्यानं सांगतलं, तवा तुमी आयकलं होतं?"

नाही म्हणायला जागा होती. अडाणी बाई, मला काय कळतं, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. पुष्कळांनी तिला माफ केलं असतं.

"हाव," सोजराबाई म्हणाली. "सगळं आयकलं होतं."

कोकिळा रडली नाही. धोंडूला कडेवर घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चाला मंग. उद्या गावात टोचणारे येऊन राह्यले. बाया लेकरं घेऊन पयतीन. त्यायच्या घरी जाऊन सांगा, जे आता सांगतलं तेच."

उंद्री काही लहान गाव नाही. पाऊस भुरभुरत होता, गल्ल्यांत चिखल झाला होता. सोजराबाई पुढे आणि कोकिळा धोंडूला घेऊन मागे. पहिल्या दारात सोजराबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. घरातली बाई तान्ह्याला पाजत होती, ती चकित होऊन बघत राहिली. सोजराबाईनं वळून कोकिळाकडे पाहिलं. कोकिळानं फक्त धोंडूच्या तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं.

सोजराबाई बोलली. त्या बाईनं ऐकलं, धोंडूचा डोळा पाहिला आणि आपलं लेकरू छातीशी धरलं. उद्या टोचायला आणते म्हणाली. सोजराबाईला बरं वाटलं नाही. तिथंच उंबऱ्यावर बसावं असं मात्र तिला वाटलं.

"उठा वयनी," कोकिळा म्हणाली. "अजून लय घरं हायत."