डावीकडचा ठिपका

“माझी दुरुस्ती काढली परत,” ओरेस्ट म्हणाला.

त्याची बायको मार्लीन कोट चढवून, कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, झाडू बगलेत मारून दारात उभी होती. “आज काय मोडलं?”

ओरेस्ट ह्रिंकिव कॅनडातल्या सास्काटूनमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ब्राउझरचं इंजिन सांभाळत असे. वेबपानावर कुठला मजकूर, कुठलं चित्र कुठे बसावं हे ठरवणारं इंजिन. फुकट आणि उघडं. जगात कुणीही हात घालावा असं. त्यातल्या तक्त्यांच्या भागात मात्र कुणी हात घालत नसे. तो ओरेस्टचा.

तरुणपणी त्याच्याकडून एक चूक झाली होती. रुंदी रकान्यांत सारखी वाटताना पडद्यावरचा एखादा ठिपका, म्हणजे पिक्सेल, उरला, तर तो शेवटच्या रकान्याला द्यायचा. याने डावीकडच्या पहिल्याला दिला. याहून मोठ्या चुका करून माणसं मंत्री होतात. पण इथे कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव कायमचं दिसतं. शिवाय जगाने एव्हाना आपली पानं त्या ठिपक्याच्या अंदाजानेच बेतली होती.

एवढं निस्तरलं की काम सोडायचं आणि व्हिक्टोरिया शहरी लेकीकडे राहायला जायचं, असं त्याने मार्लीनला कबूल केलं होतं. तो सकाळी दुरुस्ती टाकायचा. दुपारपर्यंत कुठलंतरी पान मोडायचं आणि पहाऱ्यावरची डेल्फिन ती दुरुस्ती उचलून बाहेर ठेवायची. या धंद्यात पहारेकऱ्याला शेरीफ म्हणतात. पिस्तूल देत नाहीत. डेल्फिन दर वेळी माफी मागायची, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

“कर्लिंग क्लबच्या वेबपानावरचा गुणफलक मोडला,” ओरेस्ट म्हणाला.

“आपल्या?”

“आपल्याच.”

तो फलक मार्लीनने मांडला होता. “मी तो ठिपका धरूनच मापं घेतली रे. मला वाटलं, तसंच असतं.”

पुढे वेगवेगळ्या ब्राउझरच्या सगळ्या इंजिनवाल्यांची बैठक झाली. चूक आता काढता येत नाही, तेव्हा तिचा नियम करावा, असं एकमताने ठरलं. नियम पाळला जातो की नाही हे तपासणारी चाचणीही ओरेस्टनेच लिहावी, असंही ठरलं. त्याने लिहिली. पहिल्याच फटक्यात पास झाली. इथून पुढे ठिपका उजवीकडे देणारा चुकणार होता.

“मग सुटलास?” मार्लीनने विचारलं.

“सुटलो.”

शनिवारी बॅगा गाडीत गेल्या. त्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीतल्या हीटरची वायर रात्रभर भिंतीतल्या विजेच्या सॉकेटात खोचून ठेवावी लागते. मार्लीनने ती उपसली, गुंडाळली, गाडी सुरू करून आत बसली. ओरेस्ट संगणक बंद करायला तेवढा मागे राहिला.

दुसऱ्या एका ब्राउझरच्या इंजिनच्या प्रमुख बाईंचा निरोप आला होता. आमच्याकडे ठिपका पहिल्यापासून बरोबर पडतो, तो चुकीचा पाडायचा कसा हे आपल्याशिवाय कोण सांगणार, असं त्यांनी फार आदबीने लिहिलं होतं.

ओरेस्टने उभ्याउभ्याच एक हातमोजा काढला. एका हाताने लिहून पाहिलं. मग खुर्ची ओढली.

मार्लीन गाडीच्या खिडकीतून बघत होती. त्याने दुसरा हातमोजा काढला तेव्हा तिने गाडी बंद केली, खाली उतरली, वायर उलगडली आणि परत भिंतीत खोचली.