टाकीवरचा शनी

खर्डीच्या पुढं एका शेठच्या फार्महाउसवर तारे बघायचा कॅम्प निघाला, तेव्हा तिथला वॉचमन बारकू छाती ठोकून म्हणाला, माझ्या पोरीला आभाळ पाठ हाय. ते खरंच होतं. कॉलेजात बक्षीस मिळालेल्या हातभर दुर्बिणीतून बघत त्याच्या अक्षदाने दोन हिवाळे मान मोडून घेतली होती. शेठ म्हणाले, शनिवारी पाहुण्यांना शनीचं कडं दाखव, नोकरी पक्की.

यंदा नेमकं कडं पृथ्वीकडं धार करून उभं होतं. कागद कडेनं धरला की दिसत नाही, तसं. छोट्या दुर्बिणीत शनी म्हणजे नुसता मणी. अक्षदाने हे शेठला खरं खरं सांगितलं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हेही सांगून टाकलं. शेठ म्हणाले, जाहिरातीत कडं छापलंय, शनीनं आधी कळवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठने मागवलेला फ्लेक्स शहापूरहून आला. त्यावर कड्यासकट शनी आणि खाली, फ्लेक्सवाल्याच्या हाताला सवय म्हणून, 'हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छा दुमडून बारकूने शिडी लावली आणि समोरच्या टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीला शनी चिकटवला. उलटा. मग अंधार पडल्यावर टाकीपाशी बॅटरी पेटती ठेवून, खाली येऊन त्यानंच दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"कडं हाय गो," तो म्हणाला. "तुला दोन वर्षांत नाय दिसलं?"

"आबा, तुमीच चिकटवलंय ते."

"मग? गणपती पण आपणच बाजारातून आणतो. हात जोडतोच ना?"

अक्षदाने मान वर करून खरा शनी पाहिला. तो डोक्यावर मणी होऊन बसला होता.

शेठने कामं वाटली. दाखवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि आभाळाची माहिती असलेलं माणूस हवंच म्हणून टाकीपाशी बॅटरीचा उजेड धरायला अक्षदाला ठेवलं. बारकूने तिच्या वतीनं लगेच हो म्हटलं.

शनिवारी सात वाजता पाहुण्यांची रांग लागली. दुर्बीण जवळजवळ आडवी का, असं कुणीतरी विचारलं. शनी आज खाली आलाय, शेठ म्हणाले. पाहुण्यांत चार इंजिनियर होते. त्यांनीही माना डोलावल्या.

टेकाडावर अक्षदाचा फोन वाजला.

"नोकरी पक्की," शेठ म्हणाले. "पण शनी हलतोय. नीट धर."

अक्षदाने फोन खिशात टाकला आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरली.