ह्युबर्टची हॉर्नपाइप

"पुन्हा लावा," कन्सेप्टा म्हणाली.

सोर्चाने टेप मागे फिरवली. डब्लिनच्या संगीत संग्रहालयातली ही तरुण मुलगी सकाळपासून तिच्या शेजारी बसून जुनी ध्वनिमुद्रणं धुंडाळत होती. खरखरीतून फिडलचा, म्हणजे तिकडच्या व्हायोलिनचा, आवाज वर आला, मागे कुणीतरी बडवत असलेला पियानो. चाल तीच होती. दुसऱ्या भागात सूर पायरी चुकल्यासारखा खाली घसरतो आणि तोल सावरतो, ती जागासुद्धा तीच.

"याची मूळ तबकडी न्यूयॉर्कमध्ये निघाली होती," सोर्चा जपून म्हणाली. "तुमचे काका तेव्हा..."

"जन्मलेही नव्हते."

कन्सेप्टा गिलरॉय लायट्रिम परगण्यातल्या एका गावात शाळेची बस चालवायची. ह्युबर्टकाकाला तिने कधी पाहिलंच नव्हतं. इंग्लंडमध्ये बोगद्याच्या कामावर छत कोसळून तो ऐन तारुण्यात गेला. त्याला बाहेर काढताही आलं नाही. त्या कामावर त्याला बोलावून घेतलं होतं थोरल्या भावाने, म्हणजे कन्सेप्टाच्या वडिलांनी, थॅडीने. त्यानंतर थॅडी गावी परतला तो कायमचाच. लग्नात, मर्तिकात, पबमध्ये, जिथे म्हणून फिडल हाती येई तिथे तो धाकट्याने रचलेली ती नाचाची चाल वाजवत राहिला. गावात तिला दुसरं नावच नव्हतं. ह्युबर्टची हॉर्नपाइप.

यंदाच्या उन्हाळ्यात चौकात एक दगड उभारायचा, त्यावर चालीचे सूर आणि ह्युबर्टचं नाव कोरायचं, असं गावाने ठरवलं होतं. कमिटीचा एंडा मल्वी म्हणाला होता, "आधी डब्लिनला जाऊन पक्कं करून ये बाई. दगडावर काही चुकलं तर शेजारचे रॉसकॉमनवाले जन्मभर दात काढतील." आणि ती हसत हसत निघाली होती.

"छापील पण एक आहे," सोर्चा म्हणाली. "बघायचं नसेल तर राहू दे."

पुस्तक त्या तबकडीहूनही जुनं निघालं. कन्सेप्टाला स्वरलिपी थोडीफार वाचता येत होती. ती ओळीवरून बोट फिरवत, ओठातल्या ओठात गुणगुणत गेली आणि शेवटाला पोचायच्या आतच थांबली. वर नाव होतं, 'मिसेस टोलंडची आवड'.

"कोण ही मिसेस टोलंड?"

"कुणालाच माहीत नाही."

"दोन माणसांना एकच चाल सुचू शकते ना?"

सोर्चा पुस्तकाकडेच बघत राहिली. "पहिला भाग... कदाचित," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मलिंगरपासून पुढे कन्सेप्टा गाडीत एकटीच मोठ्याने बोलत आली. काही नाही सापडलं, बाबा. ह्युबर्टकाकाचीच आहे. काही नाही सापडलं. वृद्धाश्रमाच्या दारापर्यंत तिला ते छान जमायला लागलं होतं.

थॅडी खिडकीशी खुर्चीत बसला होता. "काय गं, सापडलं का काही?"

"चहा घेतलास का?"

"चहा मरू दे. तुझी आई पत्ते वाईट आले की अशीच हनुवटी वर करून बसायची. बोल."

तिने सांगितलं. तबकडीचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं.

"बोगद्यावरच्या बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर पडून सांगितलं होतं त्याने मला," शेवटी तो म्हणाला. "थॅडी, ही मी केलीय, म्हणाला. माझ्याशी कशाला खोटं बोलेल तो?"

"खोटं नसेल रे, बाबा. लहानपणी कुठेतरी कानावर पडली असेल, नंतर आपलीच वाटली असेल."

"गावातल्या कीव्हनींकडे ग्रामोफोन होता." थॅडीचा आवाज खाली गेला. "अमेरिकेतून पाठवलेला. पोरगं देखणं, म्हणून त्याला आत घ्यायचे. मी बाहेर कुंपणापाशी थांबायचो." "मग त्याचं काय राहिलं गं?"

कन्सेप्टाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "एंडाला सांगते, दगड ठरल्याप्रमाणे बसव म्हणून. कुणाला कळणार आहे?"

"नको. मी त्याला तिकडे नेला. निदान त्याची चाल तरी इकडे आणली, असं वाटायचं मला." त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. "जा आता. बस काढायची असेल सकाळी."

त्यानंतर रविवारी नर्सने नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे फिडल धरली, तर तो म्हणाला, "आज नको." पुढच्या रविवारीही तेच म्हणाला. कन्सेप्टा रोज जायची, हवेबद्दल, गुरांबद्दल बोलायची. तो मान हलवायचा. जेवण मात्र तसंच परत जायचं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत तो गेला.

दफनाला सगळं गाव आलं होतं. फादरची प्रार्थना संपली तेव्हा फिडलवाले पुढे झाले आणि एंडा टोपी हातात घेऊन कन्सेप्टाजवळ आला. दगडाचं काम का थांबलं, ते तिने एकट्या त्यालाच सांगितलं होतं.

"थॅडीची नेहमीचीच चाल वाजवतोय," तो हळूच म्हणाला. "लोकांना नाव काय सांगू? तू म्हणशील तेच सांगतो, कन्सेप्टा. शपथ."

सगळे थांबले होते. खड्ड्याकडे बघत ती म्हणाली, "मिसेस टोलंडची आवड."

"नक्की?"

"हो."

एंडाने घसा खाकरून ते नाव मोठ्याने सांगितलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागे काठीला टेकून उभी असलेली एक म्हातारी जरा चिडूनच म्हणाली, "ही कुठली आता? थॅडीला ह्युबर्टची नाही वाजवणार?"

वाजवणाऱ्यांनी फिडल हनुवटीखाली घेतल्या.