गळ्यातला हलवा

"शुगर वाढली तर सावरायला वेळ मिळतो बाई, कमी झाली तर तेवढाही मिळत नाही. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा," असं लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सुकन्याला दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा ती "हो हो, सांगते की" म्हणत बाळाच्या पायात मोजे चढवत बसली. मोजे चढले, सांगणं राहिलं.

गरोदरपणात निघालेली तिची शुगर वीरेश झाल्यावरही गेली नाही. इन्सुलिन चालू राहिलं. बिलोलीच्या सासरी एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. लेकराला पाजलं आणि जेवायला उशीर झाला, की तिची साखर धाडकन खाली यायची. हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. आतापर्यंत तीनदा झालं होतं. तिन्ही वेळा तिनं गुपचूप साखर तोंडात टाकली, पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसली आणि पदर खोचून कामाला लागली. नवऱ्याला, हरिओमलाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

त्याला कारण होतं. संक्रांतीनंतर तिला लातूरला कॉलेजात पुन्हा रुजू व्हायचं होतं, वीरेशला सोबत घेऊन. आणि सासूबाई, पार्वतीबाई, उठता-बसता म्हणत होत्या, "लेकरू राहू दे की माझ्यापाशी. तिथं हरिओम दिवसभर ड्युटीवर, तू एकली काय काय बघशील?" आधीच सासूबाईंचा हा हट्ट, त्यात हे कळलं तर लेकरू बिलोलीतच राहणार, हे सुकन्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. लेकरू झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी ती; त्याला सोडून ती कशी जाणार? फळ्यावर पोरांना साखर-इन्सुलिनचं सगळं शिकवणारी बाई घरात मात्र तोंड शिवून बसली होती. साखरेच्या चिमुकल्या पुड्या बांधून तिनं उशीखाली ठेवल्या, की झालं.

वीरेशच्या बोरन्हाणाचा दिवस उजाडला. थोरली जाऊ शिल्पा हौशी. तिनं नांदेडहून हलव्याच्या दागिन्यांचे दोन संच मागवले होते. लेकराला मुकुट आणि बाजूबंद. आईला हार, बांगड्या, मंगळसूत्र. "तुझ्या पहिल्या संक्रांतीला माझी हौस राहिली होती. आज मुकाट्यानं घाल," ती म्हणाली. काळ्या साडीवर पांढराशुभ्र काटेरी हलवा असा उठून दिसला, की सुकन्या स्वतःच आरशापुढून हलेना.

दुपारी तिनं इन्सुलिन टोचून घेतलं, ताट वाढून घेतलं, आणि तेवढ्यात बायका आल्या, सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. त्यात वीरेशनं भोकाड पसरलं. त्याला पाजलं. ताट झाकलेलंच राहिलं.

ओठ बधिर झाले तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "रुमाल घेऊन येते," म्हणत ती खोलीत गेली आणि उशी उचलली. खाली पुड्या नव्हत्या. हळदीची एक बारीक रेघ तेवढी होती. स्वयंपाकघरात साखरेचा डबा जागेवर नाही, गुळाचाही नाही. बाहेरून हाका सुरू झाल्या, "सुकन्या, ये की गं, लेकरू पाटावर उभं राहून राहिलं." पाय लटपटत होते. ती गेली आणि वीरेशला मांडीवर घेऊन मटकन बसली.

बोरं, चिरमुरे, हलवा, उसाचे करवे लेकराच्या डोक्यावरून घरंगळू लागले. पोरांची झुंबड उडाली. वीरेश टाळ्या पिटत होता, आणि सुकन्याला सगळा गलबला विहिरीच्या तळातून ऐकावा तसा येत होता. साखर, एवढाच एक शब्द डोक्यात होता. तिनं मनगट तोंडाशी नेलं आणि बांगडी कडकन फोडली. मग दुसरी. मग गळ्यातला हार.

शेजारच्या धोंडाबाईंची सत्तरीतली नजर घारीची. "पार्वती," त्या म्हणाल्या, "तुझी सून दागिने खाऊन राहिली बघ."

एकच हशा पिकला.

"पुन्हा दिवस गेले का काय गं?"

"मंगळसूत्र तेवढं सोड बाई, हरिओमला येऊ दे आधी."

सुकन्याही हसली. किती सोपं होतं. 'भूक लागली' म्हणायचं, की सुटका. कुणी पुढं विचारणारही नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि खाली बघितलं. वीरेश मांडीवरून कलला होता आणि त्याच्या पाठीशी हात होता तो शिल्पाचा. आपला हात कधी ढिला पडला, हे तिला कळलंच नव्हतं.

"ताई, याला घ्या," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "आई, मला भूक न्हाई लागली. माझी साखर खाली गेली. ही चौथी खेप."

शिल्पानं लेकरू उचललं आणि उरलेला हार तिच्या तोंडाशी धरला. "आधी खा. मग बोल."

तिनं खाल्लं. दम खाल्ला. मग सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. पार्वतीबाईंच्या हातातली बोरांची वाटी तशीच राहिली.

"म्हणजे तुला साखर चालते?"

"अशा वेळी तीच लागते, आई."

पार्वतीबाई खाली बसल्या. "अगं माय. उशीखालच्या पुड्या मीच फेकल्या की. मुंग्या लागल्या होत्या, हळद टाकली. म्हटलं, शुगर असून पोरगी चोरून साखर खाते, जिवाचं वाईट करून घेते. म्हणून डबेसुद्धा ज्वारीच्या कोठीत लपवले."

"एक लपवून खाते, एक लपवून ठेवते," धोंडाबाई म्हणाल्या. "दोघींनी मिळून मुंग्या तेवढ्या उपाशी मारल्या."

पार्वतीबाईंना रडता रडता हसू फुटलं. सुकन्यानं घाबरत विचारलं, "मग वीरेश आता इथंच ठेवायचा?"

"इथं कशाला? माय तिकडं अन् लेकरू हिकडं, हे कोणत्या गावचं शहाणपण? महिनाभर मीच येते लातूरला. अन् ते बोट टोचायचं मशीन मला शिकव."

मशीन आलं. सुकन्याची साखर वर चढू लागली होती. ती जेवली, आणि मग बायकांनी हात धुऊन रांगच लावली. प्रत्येकीला नवी सुई, प्रत्येकीचं वेगळं कण्हणं. धोंडाबाईंचा आकडा आला दोनशे चाळीस. "मशीन खोटं हाय," त्या म्हणाल्या, पण हातातला तिळाचा लाडू त्यांनी हळूच वीरेशच्या उतरवून ठेवलेल्या मुकुटापाशी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शिल्पासोबत दवाखाना गाठला.

आता लातूरच्या घरात साखरेचा डबा दाराजवळच आहे, कॉलेजातल्या टेबलाच्या खणात पुड्या आहेत, आणि खणात काय आहे ते शेजारी बसणाऱ्या बुद्धप्रिया मॅडमना माहीत आहे. महिना सरून पार्वतीबाई बिलोलीला परतल्या, तरी रोज सकाळी त्यांचा फोन येतो. "किती?" एवढंच. आकडा कळला, की मग लेकराची चौकशी.

तुमच्याही माहितीत इन्सुलिन घेणारी एखादी जाऊ, मैत्रीण, शेजारीण असेल. आज तिला फोन करा. साखर खाली गेली तर काय करायचं आणि डबा कुठं असतो, ते विचारून घ्या. "मी बरी आहे," असं ती म्हणेलच. तरी विचारा.